चढावर थांबलेल्या सहा गाड्या

१

सकाळी आठ वाजता आम्रपाली ओव्हाळ दिघीच्या चढावर पोचली तेव्हा रस्ता ओला होता. पाऊस पडलेला नव्हता. कुणीतरी बादल्या ओतून तो धुतला होता, तरी डांबराच्या खळग्यांत लालसर पाणी साचून राहिलं होतं.

दोन तासांपूर्वी इथंच स्वरूपा नावाची तेवीस वर्षांची मुलगी पाण्याच्या टँकरखाली सापडली होती. चाकणच्या एका कंपनीत ती मालाच्या तपासणीवर होती. पहिल्या शिफ्टची बस भोसरीतून सुटायची आणि दिघीतल्या खोलीपासून तिथवर ती रोज भाड्याच्या स्कूटरवर जायची. ‘भिरभिर’ कंपनीच्या या पोपटी, विजेवर चालणाऱ्या स्कूटर आता गल्लोगल्ली दिसतात. फोनवरून गाडी सुरू करायची, हवी तिथं न्यायची आणि रस्त्याकडेला आखलेल्या चौकोनात सोडून निघून जायचं.

अशा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘मार्गिका’ संस्थेत आम्रपाली निरीक्षक होती. गाडीवर माणूस दगावला की संस्थेला ताबडतोब कळवायचं, ही परवान्याची अट होती. आणि नेमकी आज अकरा वाजता याच ‘भिरभिर’ची तिच्यापुढं सुनावणी होती. लष्करी हद्दीकडे जाणाऱ्या फाट्यावर लोक या स्कूटर टाकून जात. तिथं गाड्यांना मनाई होती. तीन वेळा समज देऊन झाल्यावर आम्रपालीनं सरळ नोटीस काढली होती : सुनावणीच्या दिवशी फाट्यावर एक जरी गाडी आढळली तरी परवाना रद्द.

“सरळ केस आहे, मॅडम,” हवालदार कोंडीराम म्हणाले. “मागचा ब्रेक जाम होता. चाक हातानं फिरत नाही. गाडी भर रस्त्यात अडकली, मागून टँकर आला. टँकरवाला पळाला नाही, स्वतःच चौकीवर आला. म्हणतो, पुढची गाडी एकदम मेली, मागचा लाल दिवासुद्धा लागला नाही. ब्रेकचं काम करणारा मेकॅनिक दानिश, त्याला आणलाय.”

“रस्ता कुणी धुतला?”

“ती बघा, ती बाई. पंचनामा व्हायच्या आधीच धुऊन मोकळी.”

पलीकडे पोह्यांच्या गाडीशी एक वयस्कर बाई बसली होती. तिच्या लुगड्याचा पदर अजून डागाळलेला होता. अंबुबाई तिचं नाव. आम्रपाली जवळ गेली तशी ती स्वतःहूनच बोलायला लागली.

“मीच नेलं तिला रिक्षात घालून. मांडीवर डोकं घेतलं होतं. दवाखान्याच्या दारातच गेली. परत आले तर तिचा डबा तसाच पडलेला. मेथीची भाजी, भाकरी. लोक त्याच्यावरून गाड्या नेत होते. अन्नावरून चाकं जाताना बघवेना, बाई. गोळा केलं, डबा घासून ठेवला, रस्ता धुतला. पोलीस रागावले. रागावू द्या.”

आम्रपालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रस्ता न्याहाळला. धुतलेल्या डांबरावर टँकरच्या टायरांचे दोन काळे पट्टे स्पष्ट होते. स्कूटरच्या चाकाचा पट्टा कुठंच नव्हता.

मग तिची नजर रस्त्याच्या कडेला गेली. डाव्या हाताला पाच पोपटी स्कूटर उभ्या होत्या. एक गटारीच्या कठड्याला टेकलेली, एक विजेच्या खांबाला, बाकीच्या कशातरी. पाचही भोसरीकडे तोंड करून. तिथं सावली नव्हती, बस थांबा नव्हता, दुकान नव्हतं, आखलेला चौकोनही नव्हता. अशा ऐन चढावर गाडी सोडून कोण जाईल?

आणि स्वरूपा पडली ती जागा त्यांच्यापासून पंधरा पावलांवर होती.

२

चौकीबाहेरच्या बाकावर दानिशचा बाप बसून होता. बरकतचाचा. भोसरीत तीस वर्षांचं गॅरेज. हाताच्या रेघांत मुरलेलं काळं ऑइल आता धुऊन जाण्यापलीकडचं होतं.

“ताई, माझं पोरगं कामचुकार असेल, उद्धट असेल,” तो म्हणाला, “पण ब्रेकच्या बाबतीत नाही. मला ती गाडी एकदा दाखवा. त्याची चूक असेल तर मीच त्याला म्हणेन, कबूल कर.”

कोंडीरामांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी मागच्या अंगणाचं दार उघडलं. स्कूटरचा मागचा भाग चेपला होता. बरकतचाचा गुडघ्यावर बसला. त्यानं गाडीला हात लावला नाही, नुसता वाकून वाकून बघत राहिला. मग पोलिसांच्या परवानगीनं चाकाचं झाकण उतरवलं आणि आतला भाग नाकाजवळ नेला.

“हुंगा,” तो म्हणाला.

आम्रपालीनं हुंगलं. “कसलाच वास नाही.”

“तेच. ब्रेक घट्ट धरून गाडी दोन किलोमीटर आली असती तर लायनर जळून काळे पडले असते. आणि अचानक जाम झाला म्हणाल, तर चाक घासटत गेलं असतं. जाम चाक रस्त्यावर काळी रेघ मारल्याशिवाय थांबत नाही. दिसली का रेघ?”

“नाही.”

“आता हा नट बघा. सगळ्या गाडीवर धूळ, आणि इथं पाना फिरल्याची चकाकी. पार शेवटपर्यंत आवळलाय.” बरकतचाचा उभा राहिला. “ताई, हा ब्रेक चालत्या गाडीवर आवळलेला नाही. ती पोरगी खाली पडल्यावर कुणीतरी येऊन आवळलाय.”

३

अकराची सुनावणी आम्रपालीनं पुढं ढकलली आणि ‘भिरभिर’चं कार्यालय गाठलं. ते भोसरीत, एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर होतं. शहरप्रमुख करिष्मा हिनं आम्रपालीला पाणी दिलं आणि आधीच छापून ठेवलेलं निवेदन पुढं सरकवलं.

“आम्हाला अतिशय दुःख आहे. देखभालीचं काम कंत्राटावर आहे. दानिशचं कंत्राट आम्ही रद्द केलंय.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“सात वाजता, पोलिसांच्या फोननं. मी सांगवीला राहते. सव्वासातला निघाले. सोसायटीच्या फाटकावर नोंद असते, बघून घ्या.”

आम्रपालीनं तिथूनच फाटकावर फोन लावला. नोंद खरी होती, आणि त्याआधी गाडी बाहेर गेलेली नव्हती.

दुसरा आला नवनाथ. आम्रपालीनं त्याला पूर्वी एकदा ‘मार्गिका’त पाहिलं होतं. गाड्या उचलून जागच्या जागी नेऊन ठेवणाऱ्या माणसांचा मुकादम. मूळचा इथलाच, चाळिशीचा, अंगात कंपनीचा पोपटी शर्ट. पूर्वी त्याच्या हाताखाली चार माणसं होती. आता तो आणि त्याचा टेम्पो, एवढंच उरलं होतं.

“मला मॅडमचा फोन आला सात वाजून गेल्यावर. तिथं पोचलो साडेसातला,” त्यानं सांगितलं. “काय बोलायचं, मॅडम. डबा फुटल्याला, मेथीची भाजी रस्त्यावर पांगल्याली. आमच्या घरात बी पोरी हायेत. जेवण ग्वाड लागत न्हाई.”

त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. आम्रपालीनं वही मिटली.

तिसरा शोएब. नकाशाचं काम बघणारा सडपातळ मुलगा. कुठं गाडी चालेल, कुठं हळू होईल, कुठं अजिबात चालणार नाही, हे सगळं नकाशावर पट्टे आखून तो ठरवायचा. पट्ट्याजवळ गाडी आली की आधी फोनवर सूचना यावी, मग वेग हळूहळू उतरावा, असा नियम होता. चालत्या गाडीची वीज एकदम तोडायची नाही, हे परवान्यातच लिहिलेलं होतं.

“सकाळी किती वाजता आलास?”

“पावणेसातला. रिक्षानं.”

“आज नकाशात काही बदल केलास?”

“नाही, मॅडम.”

“मग नोंदवही दाखव.”

त्यानं यंत्र उघडलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहाटे पाच बत्तीस : मनाईचा पट्टा आखला, वीज तात्काळ बंद. सहा एकतीस : पट्टा काढला. नकाशावर तो पट्टा लष्करी फाट्यावरून निघून मोठ्या रस्त्यावर आडवा आला होता. नेमका चढावर. पाच गाड्या तिथं कुणी लावल्या नव्हत्या. त्या तिथं मेल्या होत्या, आणि माणसांनी त्या ढकलत कडेला नेल्या होत्या. त्यांच्यामागं टँकर नव्हता, एवढंच त्यांचं नशीब. सहावी स्वरूपाची.

दोन्ही ओळींपुढं नाव एकच होतं. शोएब.

आम्रपालीनं मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. जिन्यावर पळत उतरणाऱ्या पावलांचा आवाज येत होता.

४

“पळाला म्हणजे झालंच की,” कोंडीराम फोनवर म्हणाले. “माणसं पाठवतो.”

“एक तास द्या, हवालदारसाहेब. आधी त्या पाच जणांशी बोलू दे.”

पाच गाड्या शेवटी कुणी चालवल्या त्यांची नावं कंपनीकडे होतीच. चौघांनी फोन उचलला. चौघांची गोष्ट एकच. चढावर गाडी अचानक बंद, फोनवर कसलीच सूचना नाही, चार शिव्या हासडल्या, गाडी कडेला लावली, कामावर उशीर नको म्हणून शेअर रिक्षा धरली. चौकोनाबाहेर गाडी सोडली म्हणून कंपनीनं त्यांना वर दंडही लावला होता.

पाचव्या नावानं फोन उचलला नाही. हीना, पत्ता दिघीचा. तिची गाडी पाच पन्नासला बंद पडली होती. तिनं कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रारही केली होती. आम्रपालीनं ते बोलणं ऐकलं. ऐकून झाल्यावर पुन्हा ऐकलं. आवाज पुरुषाचा होता.

दिघीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं दार उघडायला बराच वेळ लागला. हीना वॉकर धरून उभी होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

“पंधरा दिवस झाले, जिन्यावरून पडले,” ती म्हणाली. “मी कुठली गाडी चालवणार?”

“तुमच्या नावावर कोण चालवतं?”

हीनानं मागं वळून पाहिलं. आतून शोएबच पुढं आला. चेहरा पांढराफटक.

“मी, मॅडम. ती माझी बायको. कामगारांनी स्वतःसाठी कंपनीची गाडी वापरायची नाही असा नियम आहे, म्हणून तिच्या नावानं घेतो. चढावर बंद पडली. मला वाटलं बॅटरी गेली. चार वेळा सुरू करून बघितली, तक्रार केली, पाच मिनिटं थांबून रिक्षा धरली. भोसरीत नाश्ता केला. ऑफिसात जाऊन मशीन उघडलं तर माझ्याच नावानं पट्टा. आखलेलाही, काढलेलाही. नंतर कळलं, तिथं पोरगी मेली.” तो भिंतीला टेकून खाली बसला. “माझं नाव लागलंय. मी नाही म्हणालो तर कोण ऐकणार?”

“मी ऐकते,” आम्रपाली म्हणाली. “पट्टा आखणारा माणूस अठरा मिनिटांनी स्वतःच त्यात गाडी घालत नाही. आणि मदत क्रमांकावर बॅटरीची तक्रार करत बसत नाही. तुझा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?”

शोएबनं डोळे पुसले.

“दोघांना. करिष्मा मॅडमना आणि नवनाथभाऊंना. माझ्या सुट्टीच्या दिवशी लागतो म्हणून.”

५

चढावर येऊन आम्रपाली अंबुबाईसमोरच्या बाकड्यावर बसली. पोहे संपले होते. अंबुबाई रिकामी कढई खरवडत होती.

“मावशी, नीट आठवून सांगा. तुम्ही मेथी-भाकरी उचलली तेव्हा किती वाजले होते?”

“पावणेसात. रिक्षावाल्यानंच सांगितलं, त्याची शाळेची पोरं घ्यायची वेळ झाली म्हणून. लगेच रस्ता धुतला. पोलीस आले सातला.”

“तुम्ही दवाखान्यात असताना इथं कोण होतं?”

“बघे असतील चारदोन. मी कुठं होते बघायला?”

बघ्यांपैकी एक जण शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात सापडला. पाना घेऊन कुणी आलं होतं का, असं विचारल्यावर त्यानं मान हलवली. मग म्हणाला, “बाहेरचा कोणी नाही. कंपनीचा माणूस आला होता तेवढा. गाडी बाजूला घेतली, थोडा वेळ तिच्याजवळ बसला. पोपटी शर्ट होता, म्हणून कुणी विचारलं नाही.”

दुपारी कार्यालयात करिष्मा, नवनाथ आणि कोंडीराम समोर बसले. आम्रपालीनं आवाज चढवला नाही.

“नवनाथभाऊ, तुम्ही म्हणालात साडेसातला पोचलो. मेथीची भाजी रस्त्यावर पांगलेली बघितली म्हणालात. पण पावणेसातनंतर रस्त्यावर भाजी नव्हती. अंबुबाईंनी ती गोळा केली होती, डबा घासून ठेवला होता. म्हणजे पावणेसातच्या आधी तुम्ही तिथं होतात. करिष्मा मॅडम तेव्हा सांगवीत होत्या, फाटकाची नोंद आहे. शोएबची गाडी त्या पट्ट्यात स्वतःच अडकली होती. पासवर्ड तिघांकडे होता. राहिलात तुम्ही. पाना तुमच्या टेम्पोत असतोच.”

बाहेर कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये प्रेसचे ठोके चालू होते.

“आमी काय तिला मारायला न्हाई आखला पट्टा,” नवनाथ म्हणाला. “फाट्यावर रोज पहाटं चार-पाच गाड्या निघायच्या. मी एकला किती उचलू? हळू व्हणारा पट्टा लावला की लोक तशीच हळूहळू तिथवर न्हेत्यात. म्हणून म्हणलं आजच्या दिवस एकदम बंद करावं. सुनावणी झाली की काढू. टेम्पोत बसून फोनवरच आखला, बोटानं. एवढासा पडदा, मॅडम. फाट्यावरच काढत हुतो. बोट जाड. मोठ्या रस्त्यावर गेलं ते दिसलंच न्हाई.”

“आणि ब्रेक?”

“फाट्यावरनं गाड्या भरून वर आलो तर गर्दी. गाडी बघितली, कडंच्या पाच बघितल्या. कळलं. पट्टा काढला. मग हात चालला तसा चालला. दानिशचं नाव डोळ्यापुढं आलंच न्हाई, अल्ला-देवाशप्पत. नुसतं एवढंच आलं की गाडी खराब निघाली पायजे.”

“दानिशचं नाव तुमच्या डोळ्यापुढं आलं नाही,” आम्रपाली म्हणाली, “पण सकाळपासून तो कोठडीशेजारी बसलाय, आणि तुम्ही गप्प होतात.”

नवनाथनं खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. काल संध्याकाळी त्यानं करिष्माला लिहिलं होतं : एकट्यानं जमत नाही, दोन माणसं द्या. उत्तर आलं होतं : माणसं नाहीत. काहीही कर, उद्या अकरापर्यंत फाट्यावर एकही गाडी दिसता कामा नये.

करिष्मानं तो फोन आपल्याकडे ओढला नाही, वाचलाही नाही.

“काहीही म्हणजे नियमात बसेल ते काहीही,” ती शांतपणे म्हणाली. “ते उघडच आहे.”

कोंडीराम उठले. बेड्या नवनाथच्या हातात पडल्या.

६

दानिश संध्याकाळी सुटला. बरकतचाचानं त्याला रस्त्यातच मिठी मारली आणि मग त्याला घेऊन घरी गेला.

‘भिरभिर’चा परवाना महिनाभर थांबवला गेला. करिष्माची दुसऱ्या शहरात बदली झाली. अहवाल लिहायला आम्रपालीला चार दिवस लागले. पहिल्या पानावर तिनं स्वतःचीच नोटीस लावली. संस्थेचे प्रमुख धम्मरत्न यांनी ते पान बाजूला काढून ठेवलं.

“ही कशाला? तुझी नोटीस कायदेशीर होती.”

“होती, सर. पण त्यांच्याकडं माणसं किती आहेत हे मला माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी मुकादम स्वतः येऊन मला सांगून गेला होता. मी म्हणाले, तो कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे.”

“तरी तू दोषी ठरत नाहीस.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पान तिथंच राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी ती स्वरूपाच्या आईला भेटायला गेली. मंजुळाबाई लातूरकडच्या. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन इकडं आल्या होत्या, चार घरची धुणीभांडी करून तिला शिकवलं होतं. चाळीतल्या एका खोलीत त्या चटईवर बसल्या होत्या. भिंतीवर मुलीचा कंपनीच्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून लावलेला होता.

आम्रपालीनं सगळं सांगितलं. पट्टा, बोट, ब्रेक, नवनाथ. स्वतःची नोटीसही सांगितली. काही वगळलं नाही. संपल्यावर मंजुळाबाईंनी विचारलं,

“म्हंजी तिचं काईच चुकलं नव्हतं?”

“नाही. काहीच नाही. ती हळू चालवत होती, हेल्मेट घातलेलं होतं, डाव्या बाजूनं जात होती.”

“फोनवर बोलत नव्हती?”

“नाही. फोन बॅगेत होता.”

मंजुळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि खाली हात टेकून उठल्या.

“हितं सारे म्हणायलेत, पोरगी फोनवर बोलत होती. पोराशी बोलत होती म्हणायलेत. अगुदर माझ्या तोंडावर, मग मागून. नळावर गेले की गप होतात.” त्यांनी चपला घातल्या. “मला सांगितलं तसं त्यांना सांगा. मला म्हाईत होतं माझं लेकरू कसं होतं. त्यांना म्हाईत नाही.”

नळावर पाण्याची वेळ होती. आठ-दहा बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, दोन-चार पुरुष मोटारसायकली पुसत होते. मंजुळाबाईंना बघून बोलणी थांबली.

आम्रपाली हंड्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं आधी आपलं नाव सांगितलं, आपलं काम सांगितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. एका बाईनं हात लांब करून नळ बंद केला.